तारेच्या हाताचं माप

जालना, कार्तिक वद्य ५, शके १८५७

अक्का,

नमस्कार. बाकीचा मायना तूच मनात भरून घे, मला दम न्हाई. घर मिळालं!

बद्रीनाथ शेट दुकान उचलून हिंगोलीला चालले. स्टेशनाकडच्या गल्लीतलं त्यांचं घर मी घेतलं. त्यासाठी पिंपळगाव रेणुकाईची जमीन विकली. बापाची जमीन विकली म्हणून तू रागावशील, ते मला माहीत आहे. पण बाप गेला, आई गेली, तू सासरी गेलीस. त्या जमिनीत एकटा उभा राहून मी काय करू? माझं सगळं सुख तुझ्या सासरी, तुझ्या नणंदेच्या रूपानं माजघरात बसलंय.

दिवाळीत काकासाहेब तुझ्या समोरच म्हणाले ना, "भाड्याच्या खोलीत माझी तारा नांदायची न्हाई. स्वतःचं घर दाखव, मंग बोलू." दाजी तिथंच सुपारी कातरत बसल्ते. बापापुढं तोंड उघडलं असतं तर दाजींची जीभ झिजली असती काय? असो. आता मी घर दाखवतो. बोला म्हणावं.

हैद्राबादचं कालेज सोडलं म्हणून सगळे मला येडा म्हणतात. बी. ए. व्हायला अजून दोन वर्षं. तारेला अठरा पुरी झाली. दोन वर्षं तिला कोण ठेवतं? मी जिनिंगच्या हापिसात कपाशीच्या गाठी मांडून राह्यलो, ते कुणासाठी?

तिनं मला आजवर एकच गोष्ट विचारली. मागल्या दिवाळीत, पणत्या हातात धरून: "कालेजात खरंच इंग्रजीत भांडतात का हो?" मी उत्तर जुळवतो तोवर हसत आत गेली. त्या हसण्यावर मी वर्ष काढलं, अक्का.

तिला घराचं सांग. ती काय म्हणते ते शब्द न् शब्द लिही. हे पत्र धर्मराजच्या हाती देतो. तो तुमची कपाशी उतरवून उद्या गाडी घेऊन परत निघतो आहे.

तुझा वामन


तीर्थपुरी, कार्तिक वद्य १२

चि. वामन यास,

खूप शिक, असं आता लिहिता येत न्हाई. म्हणून नुसतं सुखी राहा.

मामंजींना घराचं सांगितलं. जमीन गेल्याचं ऐकून त्यांनी पान लावायला घेतलं. पहिला सवाल केला तो हा, की दार कोणीकडं? मला ठाऊक न्हवतं. धर्मराज अंगणात होता, तो म्हणाला दक्षिणेला. मामंजींनी पानाची पिचकारी टाकली. "ती यमाची दिशा. त्या दारातून माझी लेक आत जायची न्हाई."

त्यांनी वास्तूची पोथी काढली. म्हणाले: दार पूर्वेला घ्या. चूल आग्नेयेला न्या. आड नैऋत्येला आहे, तो बुजवा. पाणी ईशान्येलाच पाहिजे. एवढं झालं की घराचं माप आणि तुझ्या हाताचं माप धाडून दे. म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोरा.

हे मी त्यांच्या समोर बसून लिहून राह्यले. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आहे.

तारेला सांगितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मंग चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, नवी चूल मांडणारच असतील तर समोर खिडकी ठेवा म्हणावं. धुरानं डोळे जातात.

थंडी पडली. घोंगडी काढ.

उषा


जालना, मार्गशीर्ष शुद्ध ८

अक्का,

तुझ्या सासऱ्याला यमाची एवढी भीती आहे तर स्वतः अजून दक्षिणेकडं पाय करून कसा झोपतो? रागावू नको. मी सगळं केलं. शिव्या देत केलं, पण केलं.

रखमाजी गवंडी लावला. माणूस चांगला, पण भिंत पाडायला इतका उत्सुक की मला भीती वाटली, छप्पर पण घेऊन येतो की काय. दक्षिणेचं दार बंद केलं, पूर्वेला काढलं. चूल हलवली आणि तिच्यासमोर खिडकी! रखमाजी म्हणाला, "चुलीपुढं खिडकी कुनी ठेवत न्हाई मालक, जाळ भडकतो." मी म्हणालो, भडकू दे. ज्या डोळ्यांसाठी खिडकी आहे ते डोळे तू पाह्यले न्हाईत. तो म्हणाला, "मंग झडप लावू, भडकला की बंद." येडा, पण मायाळू.

आडाचं मात्र वाईट वाटलं. गल्लीतलं एकमेव गोडं पाणी. माती टाकायला लागलो तर शेजारच्या दुर्गाबाई हंडा घेऊन कठड्यावर येऊन बसल्या. "आधी मला बुजव, मंग आड." तासभर भांडलो. शेवटी म्हणालो, काकू, माझं लग्न ह्या आडात अडकलंय. त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "कसली माणसं रे, पाण्यापेक्षा पोथी गोड लागती." ईशान्येला नवा खणला. काळा फत्तर फोडून फोडून पाणी लागलं, ते खारट. असू दे. तारा आली की गोड होईल.

हसू नको. असल्या गोष्टी मला लिहिता येतात, पण बोलता येत न्हाईत.

दोरा आणि घराचं माप सोबत आहे. तारा खिडकीबद्दल बोलली तेव्हा हसली का? नुसतं बोलली लिहिलंस. हसली का ते लिही.

वामन


तीर्थपुरी, मार्गशीर्ष वद्य २

चि. वामन,

हसली.

आता मामंजींचं. घराच्या लांबी-रुंदीचा गुणाकार घरधन्याच्या हातात करायचा, आठांनी भागायचं, आणि जे उरेल तो त्या घराचा आय, म्हणजे फळ. एक उरला तर ध्वज, चांगला. तुझ्या दोऱ्यानं हिशेब केला तर खर आला. खर म्हणजे गाढव. मामंजी बैठकीत सगळ्यांपुढं हसले. "बराबर आहे. कालेज सोडणाऱ्याच्या हाताला दुसरं काय लागणार?" इकडची स्वारी पण हसली.

पण मामंजींनी तोड काढली आहे. म्हणाले, तारेच्या हातानं मोजलं तर ध्वज येतो, फक्त पुढची भिंत थोडी बाहेर घ्यावी लागेल. तिच्या हाताच्या मापाची काठी धर्मराजच्या हाती देते. दोन्ही टोकांना खाच आहे. रखमाजीला सांग, भिंत, ओटा, चौकट, सगळं ह्याच काठीनं.

तारा म्हणाली, ओसरीला दोन कोनाडे पाहिजेत. एकात आरसा, आणि एक रिकामा. रिकाम्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन, कुणी विचारायचं न्हाई.

तुझा खर्चा फार होऊन राह्यला. जेवतोस ना?

उषा


जालना, पौष शुद्ध ३

अक्का,

गाढव तर गाढव. गाढवाला तारा मिळत असेल तर मी बैठकीत येऊन ओरडून दाखवतो.

काठी मिळाली. काय लिहू? पहिल्या दिवशी मी ती रखमाजीला दिलीच न्हाई. खोलीत घेऊन बसलो. इथं तिचं कोपर असेल, इथं मनगट, इथं बांगड्या, आणि ह्या खाचेशी मधल्या बोटाचं टोक. तू थोरली बहीण, तुला हे लिहायचं न्हाई, पण दुसरं आहे कोण? माझ्या हाताशी लावून पाह्यली तर दोन बोटं जास्तच भरली. म्हणजे तारा माझ्यापेक्षा उंच! मी तिला बसलेली पाह्यली, न्हाईतर वाकून पणत्या ठेवताना. उभी नीट कधी पाह्यलीच न्हाई. रखमाजी काठी फिरवून म्हणाला, "मालकीनबाई दांडग्या दिसतात हो. तुमचं कसं व्हायचं?" मजूर हसले. मी पण हसलो आणि चौकट वीतभर उंच करायला लावली. माझ्या घरात तिला मान वाकवावी लागू नये.

भिंत पुढं घेतली. कोनाडे झाले. रिकाम्याबद्दल मी बिलकुल विचारणार न्हाई म्हणून सांग.

एक शंका. घरधनी मी, तर माप तिचं कसं चालतं? काकासाहेबांना जल्दी विचार. एवढं करून पुन्हा पोथीत काहीतरी निघायला नको.

वामन


तीर्थपुरी, पौष शुद्ध १३

चि. वामन,

तुझी शंका मामंजींनी ऐकली. म्हणाले, पोरगा पहिल्यांदा अकलेचं बोलला. माप तिचं तर घरधनीही तीच पाहिजे. घर तारेच्या नावावर कर. रजिष्ट्रीत तिचं नाव लागलं की वास्तू शुद्ध. लग्नानंतर तिचं तेच तुझं. माघात ते स्वतः जालन्याला येतील.

वामन, कागदाचं काम आहे. घाई करू नकोस. जिनिंगच्या हापिसात कुणी जाणता माणूस असेल, त्याला विचार. लग्नाची तारीख आधी ठरू दे असं तू म्हणालास तरी त्यात वावगं काही न्हाई.

मामंजी पूजेला उठलेत, तेवढ्यात हे लिहिलं. आता आलेत.

तारा बरी आहे. तुझी आठवण काढते.

उषा


जालना, माघ शुद्ध ६

अक्का,

झालं. घर तारेचं झालं.

तू लिहिलेलं वाचून मला राग आल्ता, खरं सांगतो. जाणत्याला विचार म्हणे! मला वाटलं, अक्काला बापाच्या जमिनीचं दुखतंय. आपल्या भावाचं सगळं नणंदेच्या पदरात जाऊन राह्यलं, हे कुठल्या बहिणीला रुचेल? तुझं मन मी समजतो, पण तारेकडं मी असं हिशेबानं पाहू शकत न्हाई. आधी तारीख, मंग कागद, हा बाजार झाला.

काकासाहेब आल्ते. दारात उभे राहून घराकडं पाह्यलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. अक्का, बाप गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला न्हवता. सही करताना कागदावर शाई पडली तर म्हणाले, "सावकाश, बेटा." वास्तुशांत करायची म्हणून किल्ली घेऊन गेले. एक माझ्याकडं आहे. त्यांनी मागितली न्हाई, मी दिली न्हाई.

तारीख कधीची? फाल्गुनात मुहूर्त आहेत. तारेला म्हणावं, तुझं घर तुझी वाट पाहून राह्यलं.

वामन


जालना, माघ वद्य ११

अक्का,

दोनदा धर्मराज येऊन गेला, दोन्ही वेळा हात हलवत. विचारलं तर बैलाच्या शिंगाकडं बघतो. तू आजारी आहेस का? तारा आजारी आहे का? दोन ओळी लिही. न्हाईतर मीच येतो.

वामन


तीर्थपुरी, फाल्गुन शुद्ध ४

वामन,

हे पत्र साळूबाई कासारणीच्या टोपलीतून येऊन राह्यलं. ती बांगड्या भरायला जालन्याला येते. उत्तर द्यायचं तर तिच्याच हाती दे, धर्मराजकडं बिलकुल देऊ नको. धर्मराजनं आणलेलं प्रत्येक पत्र आधी मामंजी वाचतात. पहिल्यापासून.

तारेचं लग्न ठरलं. फाल्गुन वद्य द्वितीया. मुलगा दीनानाथ, बीडकडचा वकील. जालन्याला वकिली मांडायची म्हणून त्यानं हुंड्यात घर मागितलं होतं. बोलणी दिवाळीच्या आधीचीच. मामंजींना जालन्यात घर पाहिजे होतं, आणि तू आपण होऊन म्हणालास, मी घर घेतो. ती काठी दीनानाथच्या हाताची. त्याच्यासाठीच घर मोजून घेतलं.

हे मला कळलं मार्गशीर्षात, काठी देताना. तेव्हाच तुला लिहायला पाहिजे होतं. मी न्हाई लिहिलं. सात वर्षं झाली, माझी कूस उजवली न्हाई. मामंजींनी मला देवघरात बोलावलं. म्हणाले, "अंबडकडची मुलगी पाहून ठेवली आहे. तुझ्या नवऱ्याचं दुसरं लगीन करायचं की न्हाई, ते तुझ्या लिहिण्यावर आहे. सांगतो तसं लिहीत जा." मंग मी तसं लिहीत गेले. एकदाच तुला सावध करायचं धाडस केलं, ते तुला रुचलं न्हाई.

अजून एक आहे. ते मी लिहिलं न्हाई तर तू तारेला दोष देत बसशील. तारेला ह्यातलं काहीच माहीत न्हाई. तुझा एकही निरोप मी तिला सांगितला न्हाई; पहिल्या पत्रापासून मामंजींची तशी ताकीद होती. ती हसली न्हाई, लाजली न्हाई, तिनं आठवण काढली न्हाई. तिच्या मते तिच्या वडिलांनी जालन्यात एक घर विकत घेतलं, एवढंच. तू हसली का विचारलंस, मी हसली लिहून टाकलं.

ते जे तारा म्हणाली म्हणून लिहिलं, चुलीपुढची खिडकी आणि रिकामा कोनाडा, ते मला पाहिजे होतं. ह्या घरात मी कधी मागितलं न्हाई. तू बांधायला निघालास तर माझ्या हातून लिहिलं गेलं. तू ते खरंच बांधलंस, तेव्हा मी इथं चुलीपुढं बसून रडले. धूर होता, कुणाला कळलं न्हाई.

काय बोलायचं ते मला बोल. फक्त साळूबाईच्या हाती.

उषा


जालना, फाल्गुन शुद्ध ६

उषाबाई,

अक्का लिहायला हात होत न्हाई.

तुमची साळूबाई बसू दे बांगड्या भरत. मला चोरून लिहायची गरज न्हाई, मी चोरी केली न्हाई. हे पत्र मी धर्मराजच्या हातात उघडंच देतो. तुमच्या सासऱ्याला वाचायचं आहे ना? वाचा, काकासाहेब! पाठीवर हात ठेवून पोराच्या खिशात दुसरा हात घालणाऱ्या माणसा, तुझी पोथी तुझ्याच सरणावर ठेव.

मी काय केलं ते ऐका. काल रखमाजीला घेऊन त्या घरात गेलो. पूर्वेचं दार चिणलं, दक्षिणेचं उघडलं. रखमाजी म्हणाला, "मालक, मीच बसवलं, मीच काढू?" मी म्हणालो, मजुरी तीच. मंग त्यानं काढलं. यमाचं दार सताड उघडं ठेवून आलोय. सगळ्या गल्लीला सांगितलं, ह्या घराचा आय गाढव आहे, आणि येणारा जावई त्याच मापाचा आहे. या आता वाजतगाजत. पाहू तुमचा वकील कुठल्या दिशेनं आत शिरतो.

आणि तुम्ही. माझ्या आईच्या पोटची तुम्ही. मी तुम्हाला माझं काळीज लिहून धाडत होतो आणि तुम्ही त्याच्यावर तुमच्या खिडक्या आणि कोनाडे काढत होतात. सवतीच्या भीतीनं भावाला विकलंत. तुम्हाला मूल झालं न्हाई ते बरंच झालं. देवानं बराबर ओळखलं, कुणाच्या ओटीत घालायचं न्हाई ते.

माझ्याकडून हे शेवटचं.

वामन


तीर्थपुरी, चैत्र शुद्ध ११, शके १८५८

वामन,

हे साळूबाईच्या हाती. राग गेला असेल तर वाच, न्हाईतर ठेवून दे.

तारेचं लग्न ठरल्या दिवशी झालं. लग्नाआधी दीनानाथ घर पाहायला गेल्ता. मामंजी धास्तावले होते, दक्षिणेचं दार पाहून तो फिरतो की काय. तो हसला. म्हणाला, "हैद्राबादेत माझ्या वर्गमित्रांची निम्मी घरं दक्षिणेचीच होती." त्यानं पूर्वेचं दार परत फोडून घेतलं आणि दक्षिणेचंही ठेवलं. दोन्हीकडून वारा खेळतो. परवा तारा माहेरी आल्ती, सांगून राह्यली, आख्ख्या गल्लीत आमचंच घर गार. पाणी तेवढं खारट आहे. चुलीपुढच्या खिडकीची झडप लावून टाकली, कपाशीच्या गाड्यांची धूळ येते म्हणाली. कोनाड्यांत वकिलाचे कागद आहेत. मंग विचारलं, "वहिनी, तुमचे वामनराव कसे आहेत? ते घर त्यांच्याकडूनच घेतलं ना बाबांनी? चांगली किंमत आली का त्यांना?" मी हो म्हणाले.

दीनानाथनं मामंजींना विचारलं म्हणे, हे पोथीचं काय होतं? मामंजी म्हणाले, "अहो, पोरांना कामाला लावायला काहीतरी लागतं."

तुझं पत्र धर्मराजनं बैठकीतच दिलं. मामंजींनी ते मोठ्यानं वाचलं. दाराआड मी होते. स्वतःच्या शिव्या वाचताना आवाज चढला न्हाई त्यांचा. शेवटचं मात्र त्यांनी दोनदा वाचलं, मूल न्हाई झालं ते बरं, ते. मंग तुझ्या दाजींकडं वळून म्हणाले, "ऐक. सख्खा भाऊ म्हणून राह्यला, हिच्या ओटीत देव घालणार न्हाई. आता तरी तुझी हरकत न्हाई ना?"

तोपर्यंत इकडून हरकत होती, वामन. तू दाजींना मुका म्हणायचास. सात वर्षं त्यांनी एवढ्या एका गोष्टीला मान हलवली न्हवती. त्या दिवशी खाली पाह्यलं आणि हलवली.

अंबडकडची मुलगी वैशाखात येईल. नैऋत्येची खोली तिला द्यायची, ती घरच्या कर्त्या जोडप्याची. माझं अंथरूण वायव्येच्या खोलीत गेलं, तारा झोपायची तिथं. उपवर मुलगी वायव्येला ठेवतात, म्हणजे जल्दी घराबाहेर पडते. मामंजींनी स्वतः उभं राहून माझी पेटी तिकडं हलवली.

मी तुझ्यावर रागावले न्हाई. तुझ्याशी मी जे केलं त्याच्यापुढं हे काही न्हाई, असं मी रोज मनाला सांगते. काही दिवस पटतं.

उषा


जालना, चैत्र वद्य १

अक्का,

अक्का. अक्का. किती वेळा लिहू म्हणजे ते उषाबाई पुसलं जाईल?

मी ते लिहिलं तेव्हा माझं डोकं ठिकाणावर न्हवतं, असं लिहिणार होतो. पण ते खरं न्हाई. डोकं ठिकाणावर होतं. तुला सगळ्यात जास्त कुठं लागेल ते हुडकून लिहिलं मी. बापानं तुला लिहायला शिकवलं, तुझ्याकडून मी शिकलो, आणि शिकून हे केलं.

तू बिलकुल तिथं राहायचं न्हाई. मी इथंच कादराबाद मोहल्ल्यात एक खोली भाड्यानं घेतली. दार कोणीकडं ते मी पाह्यलं न्हाई, आत चूल मांडता येते एवढं पाह्यलं. तुला पाहिजे तिथं खिडकी फोडू. मालक ओरडेल, ओरडू दे, मी त्याच्याशी भांडीन. मी दुप्पट काम करीन. जिनिंग आहे, संध्याकाळी तिथल्याच शेटजींच्या मुलांना शिकवीन. वैशाख लागायच्या आत टांगा घेऊन येतो. काकासाहेब आडवा आला तर त्याला आणि त्याच्या बैठकीला काय करायचं ते मी पाहून घेतो. दाजी आडवे येणार न्हाईत, त्यांना ती सवयच न्हाई.

फक्त पेटी भरून ठेव. मला आता दुसरं कुणी न्हाई, तारा न्हाई, कुणीच न्हाई. मला माफ करायला तरी तू ये.

तुझा वामन


तीर्थपुरी, चैत्र वद्य ९

चि. वामन,

येऊ नको.

टांगा दारात उभा राहिला तर गाव म्हणेल, टाकली. इथं राहिले तर मी थोरली. घास दोन्हीकडं एकच आहे, पण नाव वेगळं लागतं, आणि बाईला उरलेली वर्षं त्या नावावर काढायची असतात. तू इथं येऊन भांडशील, दोन घटका तुला बरं वाटेल, आणि मंग टांगा निघून गेल्यावर तुझ्या भांडणाचं मला इथंच भरावं लागेल. तुझं भांडण नेहमी दुसऱ्याच्या घरात राहतं रे.

तू माफी मागितलीस, मी दिली. माझी मागायची राहिली होती, ती पण मी मागण्याआधीच तू देऊन टाकलीस असं धरते. एवढ्यावर आपण दोघं थांबू.

दाजींना मुका म्हणू नकोस. परवा ते वायव्येच्या खोलीच्या दाराशी आले. पाण्याचा तांब्या ठेवून गेले.

नव्या मुलीला लिहिता येत न्हाई म्हणतात. मामंजींना आनंद आहे. लिहिता येणारी सून आणली, तेच आमचं चुकलं होतं, म्हणाले. साळूबाईची टोपली आता दारातच उलटी करून पाहतात, तेव्हा हे शेवटचं तिच्या हाती. पुढं लिहायचं तर धर्मराजकडंच द्यावं लागेल.

म्हणून लिही, पण असं लिही: मी सुखरूप आहे. पाऊसपाणी ठीक. कपाशीचा भाव चांगला. काकासाहेबांस नमस्कार. बैठकीत मोठ्यानं वाचलं तरी चालेल, एवढंच लिही. त्याच्या खाली तुझी सही असली म्हणजे मला कळेल, तू आहेस.

उषा